पूर ओसरलेल्या गल्लीत कॅमेरा घेऊन जाताना

सांगलीच्या गावभागात आमचा फोटो स्टुडिओ आहे. सासऱ्यांनी थाटला, त्यांच्यामागे मी चालवते. लग्न, मुंज, डोहाळजेवण, पासपोर्ट साइज, झालंच तर परीक्षेच्या फॉर्मचे फोटो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा दुकानाचा बोर्ड तेवढा पाण्याबाहेर होता म्हणे. मी पाहिला नाही, आम्ही विश्रामबागला नणंदेकडे होतो. पुलाजवळची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. म्हणजे धोक्याच्याही वर बारा फूट पाणी. ते उतरल्यावर पहिल्यांदा गल्लीत शिरले तेव्हा माझ्या एका हातात खराटा होता, दुसऱ्यात कॅमेरा. खराटा कोपऱ्यावर टेकवला आणि आधी कॅमेरा उघडला. त्याचं आजही थोडं अवघडल्यासारखं होतं.

पुढे जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा ५५ फुटांच्या आसपास आलं, तेव्हा पुन्हा तेच केलं. मध्ये एकदा भूकंपात गेलेल्या किल्लारीला जाऊन आले. आता दर पावसाळ्यात कुणी ना कुणी पोरगं दुकानात येऊन विचारतं, "मॅडम, पुराचे फोटो काढायचेत, लेन्स कुठली घेऊ?" लेन्सचं सांगते, पण त्याआधी बरंच काही आहे.

वेळ कोणती

पाणी एकदम जात नाही. आधी घरांचे कट्टे दिसतात, मग रस्त्याचा मधला उंचवटा, शेवटी गटारांच्या कडा. माणसं खराटे घेऊन परत येईपर्यंत मध्ये एक-दोन दिवस जातात. त्या दिवसांत गल्ली खरोखर ओस असते. तिसऱ्या दिवशी गाद्या, फ्रिज, प्लायवूडची फुगलेली कपाटं रस्त्यावर येऊन पडतात, जेसीबी फिरायला लागतो आणि भिंतीवरची पाण्याची रेघ पाइपच्या फवाऱ्याने धुऊन जाते. रिकामी गल्ली टिपायची असेल तर मधले ते दिवसच तुमचे. जीवाला सगळ्यात जास्त धोकाही त्याच दिवसांत असतो.

दिवसातली वेळ म्हणाल तर सकाळी आठ ते अकरा. श्रावणातलं ढगाळ आभाळ म्हणजे फुकटचा सॉफ्टबॉक्स, सावल्या कडक पडत नाहीत. संध्याकाळी जाऊ नका. वीज नसते, आणि अंधारात बॅग घेऊन रिकाम्या घरांसमोर फिरणाऱ्याकडे लोक काय नजरेने बघतात ते पुढे सांगतेच.

जाण्याआधी

गमबूट घाला. चपला किंवा कापडी बूट नकोत. पुराच्या चिखलात ड्रेनेज मिसळलेलं असतं, उंदराचं आणि जनावरांचं मूत असतं, लेप्टोस्पायरोसिस त्यातूनच होतो. पायाला साधी चीर जरी असली तरी आधी डॉक्टरांना विचारा. ते डॉक्सिसायक्लिनची गोळी देतात की नाही हे त्यांनी ठरवायचं, मेडिकलवाल्याने नाही. माझ्या असिस्टंट पोराने २०१९ ला स्लिपर घालून चक्कर मारली आणि पुढचे आठ दिवस पाय सुजवून घरी बसला. सुटला एवढ्यावर.

हातात काठी हवीच. ड्रेनेजची झाकणं पाण्याच्या दाबाने उचकटतात आणि वर चिखलाचा सपाट थर बसतो, वरून काही म्हणजे काही कळत नाही. प्रत्येक पावलाआधी काठी टोचायची, मग पाय. घरात शिरायचं झालं तर वर बघा. साप पाण्याबरोबर चढत जातात आणि पाणी उतरलं तरी माळ्यावर, सज्ज्यावर, देवघराच्या फळीवर बसून राहतात. मीटरबॉक्स, स्विच, इन्व्हर्टर यांना हात लावायचा नाही. लाइन बंद आहे असं कुणीही सांगितलं तरी नाही.

भिंतींचं नवीन माणसाला ठाऊक नसतं. पाणी असतं तोवर भिंती उभ्या असतात, दोन्ही बाजूंनी सारखा दाब असतो ना. पाणी उतरल्यावर भिजलेली माती स्वतःच्याच वजनाने बसते. गावभागातले जुने वाडे, खाली दगड आणि वर मातीत बांधलेल्या विटा, हे पाणी गेल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोसळतात. ऊन पडल्यावर तर जास्तच. भिंतीचं पोट पुढे आलेलं दिसलं किंवा गिलाव्याला ताजी उभी चीर दिसली, की फोटो रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने काढा. तो फोटो वाईट आला तरी चालेल.

एकटं जाऊ नका. ओळखपत्र खिशात ठेवा, आणि बंदोबस्ताला असलेल्या पोलिसाला आपणहून जाऊन सांगा की अमुक गल्लीत, अमुक वेळेपर्यंत आहे. ड्रोन आणलाच असेल तर तोही त्यालाच विचारून. बोटी आणि हेलिकॉप्टर चालू असताना तो बॅगेतच राहू द्या.

गल्ली रिकामी दिसते तेव्हा

२०१९ चाच किस्सा. सांगलवाडीत एका बोळात ट्रायपॉड लावत होते. चिटपाखरू नव्हतं. आणि वरून आवाज आला, "ओ बाई, कुणाचं घर बघायलाय?"

तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर एक आजोबा. आठ दिवस तिथेच होते. बोटीवाले तीनदा आले, हे गेले नाहीत. खाली तीन घरांच्या चाव्या त्यांच्याकडे होत्या, चोऱ्या होतील म्हणून ते राखण करत बसले होते. मी म्हटलं, "आजोबा, फोटो काढतेय, गावभागातल्या स्टुडिओवाली." ते म्हणाले, "मग आधी हाक मारायची की! फोटो काय, काढा. पर हाक मारायची."

तेव्हापासून माझा नियम. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून मोठ्याने हाक मारायची. "कोण आहे का वर? फोटो काढतेय." दोन मिनिटं थांबायचं. निम्म्या वेळा कुठून तरी ओ येते. कुणी गच्चीवर असतं, कुणी मागच्या दाराने कालच परत आलेलं असतं. आणि कुणी नसलं तरी हाक मारल्याने आपली चाल बदलते.

आता थोडं कडू. उघड्या दारातून आत गेल्याची एक चूक मी केली आहे. दार पाण्याने निखळून पडलं होतं, आत सरळ स्वयंपाकघर दिसत होतं. तांदळाची कोठी पाण्याने फुगून फाटली होती आणि तांदूळ फरशीभर पसरून आंबला होता, वर मोड आलेले मूग. फोटोग्राफर म्हणून सांगते, चित्र जबरदस्त होतं, खिडकीतून तिरपा उजेड. मी सात-आठ फ्रेम काढल्या. मागे वळले तर दारात एक मावशी उभ्या, डोक्यावर पिशवी. छावणीतून नुकत्याच परतल्या होत्या. मला ओळखलं त्यांनी, लेकीच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते. म्हणाल्या, "लग्नाच्या वेळी ह्याच घरात तुला पुरणपोळी वाढली, तेव्हा कसं लख्ख होतं गं. आणि आता असं बघतीस होय? भांडी तरी घासू दे."

मी त्यांच्यासमोर त्या फ्रेम पुसल्या. मग त्यांना विचारलं, "मावशी, तुम्हाला कुठला फोटो हवाय?" त्या आधी काही बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, "कोठीचा काढ. पंचनाम्याला दाखवायला. आणि मी दिसू दे त्यात, न्हाईतर म्हणतील कुणाचीबी कोठी." म्हणजे फोटो तोच निघाला, फक्त आता कोठीशेजारी त्या उभ्या होत्या, पदर सारखा करून, डोळे थेट कॅमेऱ्याकडे.

म्हणून घराच्या आत मालकाशिवाय कॅमेरा नाही. उंबऱ्यापर्यंत रस्त्याचं राज्य, उंबऱ्याच्या आत त्या घराचं. दार पडलेलं असलं तरी उंबरा असतो.

काय आणि कोणत्या क्रमाने

गल्लीच्या तोंडापासून सुरुवात करा. पहिली फ्रेम अशी घ्या की चौकाची पाटी, दुकानाचा बोर्ड किंवा देऊळ दिसावं, म्हणजे जागा कळते. मग एका बाजूने सरळ चालत जा, प्रत्येक घराचं तोंड समोरून, कॅमेरा छातीच्या उंचीवर, उभ्या रेषा सरळ. परत येताना दुसरी बाजू. कंटाळवाणं काम आहे. इथे कला करायची नाही. ही तुमची मोजणी आहे, उद्या कुणाच्या तरी उपयोगी पडणारी. सगळी घरं झाली की मग मोकळे व्हा आणि हवं ते टिपा.

सगळ्यात महत्त्वाची पाण्याची रेघ. भिंतीवर खाली गडद, वर फिकट, आणि मधोमध काड्या, थर्माकोलचे मणी, तेलकट तवंग चिकटलेली एक आडवी रेषा. तिची उंची फोटोत कळली पाहिजे. मी शिलाईची टेप नेते आणि रेघेपासून खाली सोडून फोटो काढते. टेप नसेल तर शेजारी ओळखीची वस्तू ठेवा, १५ किलोचा तेलाचा डबा उत्तम. कुणालाही त्याची उंची डोळ्यांना माहीत असते. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या वाड्याला कुणीतरी २००५ च्या पुराची खूण ऑइलपेंटने करून ठेवली होती. २०१९ ची रेघ तिच्या वर, माझ्या टेपवर साधारण साडेतीन फूट. २००५ ला पुलाजवळ पाणी ५४ फुटांच्या आत-बाहेर होतं. पुलाचा हिशेब आणि आमच्या भिंतीचा हिशेब जुळला, तेव्हा त्या पुलावरच्या आकड्यांचा अर्थ मला पहिल्यांदा अंगात कळला. ती रेघ आणि ती खूण एका फ्रेममध्ये आहेत, माझ्याकडचा सगळ्यात रूक्ष आणि सगळ्यात जास्त मागितला गेलेला फोटो.

ओसपणा दाखवायचा कसा, हा प्रश्न पोरं विचारतात. त्यासाठी गल्ली दूरवर रिकामी दिसणं पुरेसं नाही, रविवारी दुपारीही ती तशीच दिसते. माणसं असती तर जे झालंच नसतं ते शोधा. सकाळी दहा वाजले तरी न सारवलेलं, न रांगोळलेलं अंगण. तुळशीवृंदावनात तुळस गाळात झोपलेली. कुलूप लावलेलं दार, आणि दाराच्या बाजूची भिंतच नाही. गणपती पेठेत एका वखारीसमोर भिजलेल्या हळदीने चिखलाला पिवळी झाक आली होती आणि गुळाच्या ढेपांचा पाक होऊन पायरीवरून ओघळला होता, त्यावर माश्यासुद्धा नव्हत्या. तो फोटो बघून एक व्यापारी म्हणाला, "पेठेत माशी नाही म्हणजे काय झालंय ते कळतं बघा."

दोन गोष्टींवर मी स्वतःला बंदी घातली आहे, थांबलेलं भिंतीवरचं घड्याळ आणि चिखलातली बाहुली. जगातल्या प्रत्येक पुराला एक बाहुली मिळते. आणि त्यातल्या काही बाहुल्या फोटोग्राफरनेच उचलून नीट मांडलेल्या असतात हे धंद्यातल्या माणसाला लगेच समजतं. वस्तू हलवू नका. चप्पल सरळ करू नका, पाटीवरचा चिखल पुसू नका. मेलेली जनावरं, लहान मुलांचे चेहरे, औषधांची नावं, बँकेची पासबुकं, यांच्याकडे कॅमेरा वळवू नका.

कॅमेऱ्याचं

आता लेन्स. २४-७० ची झूम, म्हणजे रुंद गल्लीपासून जवळच्या वस्तूपर्यंत सगळं घेणारी, असेल तर तीच, दुसरी काही नको. त्या हवेत लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर बुरशीला आमंत्रण. बोळात २४ पुरते, त्याहून वाइड घेतलं की वाडे मागे झुकायला लागतात आणि रेघ वाकडी दिसते. एफ/८, शटर १/१२५ च्या खाली नाही, आयएसओ लागेल तसा. चिखलात उभं राहिल्यावर आपण स्थिर आहोत असं वाटतं, नसतो.

ओल्या गाळावर आभाळ चमकतं आणि कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर फसतं, सगळं काळं येतं. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). अरुंद गल्लीत वर आभाळाची पांढरी पट्टी येते, ती जळली तर जळू द्या, किंवा कॅमेरा खाली करून टाळा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ऑटोवर ठेवू नका, गाळाचा तांबूसपणा कॅमेरा आपल्या मनाने काढून टाकतो. 'क्लाउडी'वर पक्का करा आणि रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढा. कृष्णेचा गाळ ओला असताना कॉफीसारखा दिसतो, वाळला की राखेसारखा. हा फरक फोटोत राहिला तर पहिला दिवस कुठला आणि तिसरा कुठला ते नंतर रंगावरून ओळखता येतं. पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) असेल तर अर्धाच फिरवा. पूर्ण फिरवला की ओल निघून जाते आणि चिखल जुना दिसतो.

ट्रायपॉड गाळात खचतो. त्याच्या तीन पायांखाली तीन करवंट्या उपड्या ठेवा. हा माझ्या सासूबाईंचा शोध, त्यांनी खाटेच्या पायांखाली तेच केलं होतं.

चिखलाचा शिंतोडा काचेवर उडाला तर पुसू नका, त्यात रेती असते. आधी ब्लोअर, मग बाटलीतल्या स्वच्छ पाण्याचे थेंब, मग कापड. यूव्ही फिल्टर लावलेला असला की जीव थोडा निवांत. घरी आल्यावर कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवणारे लोक आहेत, त्यांच्या कॅमेऱ्यात मग तांदळाची पिठी निघते.

मोबाइलवर काढणार असाल तर खुशाल काढा, बहुतेक घरांकडे पुरावा म्हणून शेवटी मोबाइलचाच फोटो असतो. ग्रिड चालू करा, ०.५ च्या लेन्सने काढू नका, ब्युटी आणि आभाळ निळं करणारे सगळे प्रकार बंद. लोकेशन चालू. आणि पाठवताना व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर फोटो दाबून बारीक होतो आणि त्यातली तारीख-जागेची माहितीही निघून जाते.

तारखेवरून आठवलं. २०१९ ला माझ्या कॅमेऱ्यातली आतली बारकी बॅटरी संपली होती आणि घड्याळ मागे जाऊन १ जानेवारी २०१५ वर बसलं होतं. मी बघितलंच नाही. शेजारच्या किराणा दुकानदाराने माझे फोटो विम्याच्या सर्व्हेअरला दाखवले, तो म्हणाला हे तर चार वर्षांपूर्वीचे. दुकानदाराला शेवटी दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलमधले अंधुक फोटो गोळा करावे लागले. वर्षानुवर्षांचा शेजार, तो मला काही बोलला नाही, पण त्या दिवाळीला फराळाचं ताट उशिरा आलं. तेव्हा, रोज निघताना पहिला फोटो मोबाइलच्या घड्याळाचा किंवा त्या दिवसाच्या पेपरच्या पहिल्या पानाचा. मग पुढचं सगळं त्याला बांधलं जातं.

सगळीकडे हे चालत नाही

दरड कोसळलेल्या जागी यातलं काहीही लागू नाही. माळीणमध्ये ३० जुलै २०१४ ला डोंगर खाली आला आणि १५१ माणसं गेली, गाव दिसत नाही हे आधी एसटीच्या ड्रायव्हरच्या लक्षात आलं. इर्शाळवाडीत १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली, चार दिवसांनी शोध थांबवला आणि न सापडलेल्यांना मृत जाहीर केलं. म्हणजे ती माणसं तिथेच आहेत. त्या जमिनीवर चालत फिरून फ्रेम शोधायची नसते, आणि वरची माती पुन्हा कधी येईल सांगता येत नाही. लांबून, रस्त्यावरून, एक फोटो. मी तर तोही काढला नाही.

किल्लारीचं वेगळं. तिथे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, लोक उशिरा झोपलेले. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचा भार असलेली माळवदं, ती झोपलेल्या माणसांवर आली. नंतर ५२ गावं उठवून नव्या जागी वसवली. जुन्या जागा तशाच पडून. मी गेले तेव्हा काटेरी झुडपांतून दगडांचे ढीग, मध्येच एखादा उंबरा, एखादं जोतं. असा जुना ओसपणा टिपायला ढगाळ उजेड कामाचा नाही, काळा दगड सपाट पडतो. सकाळी साडेसात-आठचं तिरपं ऊन घ्या, म्हणजे जोत्याच्या कडा आणि खोल्यांचे चौकोन जमिनीवर उठतात. आणि नव्या गावातून एखादं जुनं माणूस बरोबर न्या. माझ्याबरोबर आलेले काका एका ढिगाजवळ थांबले आणि पायाने माती सारून म्हणाले, "हितं चूल." मी तासभर तिथे होते, मला नुसते दगड दिसत होते.

नंतर एका जोडप्याने विचारलं, "मॅडम, प्री-वेडिंग तिकडे करता येईल का? रस्टिक लोकेशन आहे." मी त्यांना दंडोबाच्या डोंगराचं पॅकेज दिलं. किल्लारीचं कारण सांगत बसले नाही, अॅडव्हान्स घेतला आणि विषय संपवला.

परत त्याच जागी

एका पुराच्या फोटोंना किंमत कमी. खरी किंमत तीच जागा, तीच चौकट, पुन्हा. २०१९ ला मी मारुती चौकात ज्या पायरीवर उभी होते ती लिहून ठेवली होती, "पानपट्टीच्या उजवीकडची दुसरी पायरी, लेन्स ३५, उंची छातीला." २०२१ ला जुना फोटो मोबाइलवर उघडून तिथेच उभी राहिले आणि तीन बिंदू जुळवले, विजेचा खांब, समोरच्या वाड्याची वळचण, मागे देवळाचा कळस. तीन जुळले की बाकी सगळं आपोआप जुळतं. नंतर दर सहा महिन्यांनी तिथून एक फोटो काढते. वाडा पडला, त्या जागी पत्रा आला, आता पार्किंग आहे. पानपट्टी मात्र दोन्ही पुरांतून तिथेच आहे, फक्त तिचा ओटा आता कमरेएवढा उंच झालाय.

प्रत्येक फोटोखाली त्याच रात्री दोन ओळी लिहा. तारीख, वेळ, गल्ली, कुठल्या दिशेला तोंड, रेघेची उंची, परवानगी कुणी दिली. घर क्रमांक आणि नावाची पाटी आपल्या वहीत ठेवा. फोटो बाहेर देताना पाटी झाका. रिकामं घर कुठलं आहे हे जगाला सांगून चालत नाही.

ओले फोटो

हे विषयाला धरून आहे की नाही माहीत नाही, पण ओस गल्लीत कॅमेरा घेऊन फिरलात की लोक तुमच्याकडे चिखलातले अल्बम घेऊन येतातच. २०१९ ला माझ्या दुकानात पोत्यात भरून अल्बम आले, त्यातले निम्मे आमच्याच दुकानाचे, सासऱ्यांच्या सहीचे. प्रिंट वाळू देऊ नका, वाळले की एकमेकांना कायमचे चिकटतात. थंड स्वच्छ पाण्याच्या परातीत ठेवा, ओले असतानाच हळूहळू सुटे करा, चित्राच्या बाजूला बोट लावू नका. सुट्या कापडावर चित्र वर करून सावलीत वाळवा. वर्तमानपत्रावर नको, शाई उठते. एवढं सगळं लगेच जमत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका, महिनाभराने केलं तरी चालतं. आणि सुटं करायच्या आधी, आहे त्या अवस्थेत, प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. कधीकधी तेवढाच उरतो.

त्या कोठीवाल्या मावशींचा अल्बम असाच आला होता. लग्नातले बावीस फोटो वाचले. त्याबरोबर मी कोठीशेजारचा त्यांचा फोटोही सहा बाय आठमध्ये काढून दिला. अल्बम लेकीकडे गेला. कोठीचा फोटो त्यांनी रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलाय, पंचनामा होऊन गेला तरी.

प्रिंट द्याल तेव्हा मॅट कागदावर द्या. ग्लॉसी आमच्या दमट घरांत पुढच्या पावसाळ्यापर्यंत काचेला चिकटतो.